दार ठोठावणाऱ्याचा नकार

१९६६ च्या जुलैमध्ये फ्रान्समधील ल हाव्र या बंदरगावी एकोणीस वर्षांचा एक अमेरिकन तरुण येऊन दाखल झाला. वडील मिशिगन राज्याचे गव्हर्नर आणि त्यापूर्वी एका मोठ्या मोटार कंपनीचे प्रमुख. स्वतः स्टॅनफर्ड विद्यापीठात एक वर्ष काढलेला. अशा घरच्या मुलाने पुढली अडीच वर्षे कोणता उद्योग केला? गडद रंगाचा सूट चढवून, टाय लावून तो फ्रेंच शहरांतील इमारतींचे जिने चढला, दारांवरच्या घंटा त्याने वाजविल्या, आणि मनात जुळवून आणलेले फ्रेंच वाक्य पुरे होण्याच्या आत ती दारे बंद होताना पाहिली. व्हिएतनामच्या युद्धामुळे अमेरिकन माणसाविषयी त्या काळी फ्रान्समध्ये राग होता. त्यात हा पाहुणा सांगणार काय, तर मद्य पिऊ नका, कॉफीही पिऊ नका. आणि सांगणार कोठे, तर बोर्दोमध्ये! त्याच्या वयाच्या अमेरिकन मुलांवर सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार होती. धर्मप्रचारक म्हणून त्याला तीतून सूट मिळाली होती, पण दारातल्या फ्रेंच माणसाला तो अमेरिकेचाच प्रतिनिधी वाटत होता. १९६८ च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समध्ये तो चालवीत असलेल्या मोटारीला अपघात झाला, गाडीतील एक बाई दगावल्या, आणि हा तरुणही गेला असे समजून पोलिसाने त्याच्या पारपत्रावर तशी नोंदही करून टाकली. तो वाचला. मिट रॉमनी हे त्याचे नाव. २०१२ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार म्हणून उभे राहिलेले ते हेच.

रॉमनी यांच्या राजकारणाशी येथे कर्तव्य नाही. ज्या शाळेतून ते गेले त्या शाळेशी आहे. मॉर्मन या नावाने जगाला परिचित असलेला हा पंथ जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला, आणि त्याचे मुख्य पीठ युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. या पंथाचे सुमारे ७४ हजार पूर्णवेळ प्रचारक २०२४ च्या अखेरीस जगभर काम करीत होते. त्यांतील बहुतेक विशीच्या आतबाहेरचे. मुलांची मुदत दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. धर्मांतराच्या संदर्भात ‘मिशनरी’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे, आणि आपल्याकडेच कशाला, कोठेही, चर्चा सुरू होते ती ज्याचे दार ठोठावले गेले त्याच्याविषयी. त्याला फसविले काय, त्याला आमिष दाखविले काय, त्याचे स्वातंत्र्य अबाधित राहिले काय? हे प्रश्न रास्त आहेत. परंतु दाराच्या बाहेरच्या बाजूस जो उभा आहे, त्याच्या स्वातंत्र्याचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

प्रथम त्याचा दिवस कसा जातो ते पाहू. आपण कोठे जाणार हे त्याने ठरवावयाचे नसते. अर्ज त्याने करावयाचा. देश, भाषा, गाव सॉल्ट लेक सिटीहून कळते. पूर्वी यासाठी टपालाने जाडजूड लिफाफा येई आणि तो उघडण्याच्या वेळी सारे आप्तेष्ट गोळा होत. २०१८ पासून ही आज्ञा संगणकावर येऊ लागली, तरी आप्तेष्ट जमतातच. युटातील प्रोव्हो येथे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे काही आठवडे पंथाची शिकवण आणि नवी भाषा यांची घोकंपट्टी होते आणि मग विमानात बसावयाचे. नवी भाषा शिकणाऱ्यास जेमतेम दोनएक महिने मिळतात. एवढ्या शिदोरीवर जपानी किंवा रशियन माणसाशी मोक्षाविषयी बोलावयाचे म्हणजे काय होत असेल, याची कल्पना परकी भाषा शिकविणाऱ्या कोणाही शिक्षकास करता येईल.

खर्च स्वतःचा. पगार नाही. पूर्वी ज्याला जो देश मिळे त्या देशातील खर्च त्याच्या घराने सोसावयाचा असे. परिणामी जपानला गेलेल्याचा बाप कर्जात आणि दक्षिण अमेरिकेत गेलेल्याचा सुखात, असा प्रकार होई. १९९१ पासून ही रक्कम सर्वांना सारखी करण्यात आली. अमेरिकेतील कुटुंबांसाठी ती दरमहा ४०० डॉलर होती, ती २०२० मध्ये ५०० करण्यात आली. पुष्कळ मुले शाळेत असल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत काम करून हे पैसे साठवितात. दोन वर्षे फुकट राबण्यासाठी आधी काही वर्षे राबून पैसे जमविणे हा व्यवहार आपल्या हिशेबी बुद्धीला चमत्कारिक वाटेल. पण त्या घरांतून तो अगदी सहज होतो.

सकाळी साडेसहाला उठणे आणि रात्री साडेदहाला दिवा मालवणे ही दिवसाची जुनी चौकट. मधले तास कसे वाटावयाचे याबाबत २०१७ पासून बरीच मोकळीक आली आहे, पण वळण तेच आहे. थोडा व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचे एकट्याने वाचन, मग सोबत्यासह वाचन, भाषेचा अभ्यास. आणि त्यानंतर रात्रीपर्यंत रस्ता. पुष्कळ ठिकाणी सायकल, काही ठिकाणी पायपीट, तुरळक ठिकाणी मोटार. छातीवर काळ्या रंगाची नामपट्टी. चित्रपट नाही, कादंबरी नाही, प्रेमप्रकरण नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू तर जन्मापासूनच नाही. भारतात नेमणूक झालेल्या मिशनऱ्यास ‘चहा घेत नाही’ हे यजमानिणीला न दुखविता सांगणे धर्मतत्त्वे सांगण्याहून अवघड जात असावे! आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुण्याचा, किराणा आणण्याचा, सदऱ्यांना इस्त्री करण्याचा आणि घरी पत्र लिहिण्याचा. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत आईबापांशी दूरध्वनीवर बोलण्याची परवानगी वर्षातून दोनदा असे, नाताळात आणि मातृदिनी. त्या महिन्यापासून दर आठवड्याला बोलता येऊ लागले. एवढ्या वर्षांत हा नियम बदलण्यास कोणती अडचण होती हे कळत नाही; पण उशिरा का होईना, तो बदलला.

नावाचीही एक गंमत आहे. हे अठरा-एकोणीस वर्षांचे पोर त्या दोन वर्षांत ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, या उपाधीने ओळखले जाते. पहिले नाव बासनात. सोबतीही त्याला एल्डर अमुक अशी आडनावानेच हाक मारतो. मुलींना ‘सिस्टर’.

आणि आता त्या सोबत्याविषयी. या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत अवघड आणि, आमच्या मते, सर्वांत शहाणपणाचा भाग हाच आहे. मिशनरी कधीही एकटा नसतो. ख्रिस्ताने शिष्यांना दोघादोघांनी पाठविल्याची कथा बायबलात आहे, तिचा हा आधार. दोघांनी एकमेकांच्या दृष्टीच्या आणि आवाजाच्या टापूत राहावयाचे. एकाच खोलीत झोपावयाचे, मात्र खाटा वेगळ्या. सोबती निवडण्याचा अधिकार नाही. युटातील गुराख्याच्या मुलाला साओ पावलोच्या कारकुनाचा मुलगा सोबती म्हणून मिळेल, मनिलाच्या मुलीला स्वीडनची. एक घोरणारा, दुसऱ्याला पानगळीचाही आवाज सहन न होणारा. एक नियमावर बोट ठेवणारा, दुसरा दुपारी डुलकी काढू पाहणारा. साधारणपणे सहा आठवड्यांनी बदल्यांचा काळ येतो. तेव्हा सोबती बदलेल किंवा बदलणारही नाही. तोवर भांडण झाले तरी उठून जाता येत नाही, कारण उठून जावयाचे म्हटले तरी दोघांनी मिळून जावे लागते! लग्न झालेल्या वाचकांना ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. परंतु ती अठराव्या वर्षी, परमुलखात आणि निवडीविना वाट्याला यावी, यात शिक्षण आहे. रोज नको असलेल्या माणसाबरोबर स्वयंपाक करणे, हिशेब ठेवणे आणि संध्याकाळी त्याच्याच शेजारी उभे राहून जगाला बंधुभाव सांगणे, यात माणसाचे ढोंग फार दिवस टिकत नाही. कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही.

या मुलांच्या बोलीत ‘ट्रंकी’ असा एक शब्द आहे. ज्याचे मन घरी जाण्यासाठी भरलेल्या ट्रंकेकडे लागले आहे, तो ट्रंकी. हा शब्द बहुधा मुदतीच्या शेवटच्या आठवड्यांसाठी वापरला जातो. पण काहींना तो दुसऱ्याच आठवड्यापासून लागू पडत असावा.

इतके करून पदरात काय पडते? २०२४ मध्ये या पंथात जगभरात सुमारे ३ लाख ८ हजार नव्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला. प्रचारकांच्या संख्येने भागाकार केला तर वर्षाला माणशी चार. आफ्रिकेत, फिलिपिन्समध्ये, दक्षिण अमेरिकेत हा आकडा वर जातो. पश्चिम युरोपात वर्ष वर्ष कोणी हाती लागत नाही. दोन वर्षांत हजारो नकार आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होकार, हा सर्वसाधारण ताळेबंद. एखादी कंपनी अशा हिशेबावर विक्रेते ठेवील तर सहा महिन्यांत बुडेल. तरीही पंथ ही व्यवस्था चालवितो, कारण तिचे खरे उत्पन्न निराळ्या खात्यावर जमा होते. ज्याने दोन वर्षे नकार पचविले, तो मुलगा सहसा पंथ सोडून जात नाही. जी गोष्ट हजार दारांत सांगितली ती सांगणाऱ्याच्या स्वतःच्या मनात रुजते. दार उघडो वा न उघडो, एक धर्मांतर होतच असते, आणि ते घंटा वाजविणाऱ्याचे.

याचे लौकिक लाभही आहेत, आणि ते नाकारणे कोतेपणाचे होईल. परकी भाषा बोलणारे तरुण युटात मोठ्या संख्येने आढळतात याचे कारण हेच. श्रीमंताच्या मुलाने परक्या गावी स्वतःचे कपडे धुवावेत, गरिबाच्या घरी जमिनीवर बसून जेवावे आणि रोज अपमान गिळावा, यात वाईट काय आहे? आपल्याकडे वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितलेले शहाणपण याहून फारसे वेगळे नव्हते.

मात्र माधुकरी मागणाऱ्याच्या झोळीत दुसऱ्याचे पाप नसे. मिशनऱ्याच्या पिशवीत संस्थेचा सारा इतिहास असतो आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. याचे एक जुने उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक इंग्लंडहून मुंबईस आला आणि पुण्यास गेला. तो पोरसवदा नव्हता. त्या काळी प्रचारक प्रौढ असत. छावणीतील गोऱ्या शिपायांत त्याने काम आरंभिले, लष्करी अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला, मराठीचा अभ्यास सुरू केला आणि मूठभर अनुयायी मिळविले. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिकडे युटात पंथाच्या धुरीणांनी बहुपत्नीकत्वाचा जाहीर पुरस्कार केला. ते वृत्त समुद्र ओलांडून आले आणि हिंदुस्थानातील साऱ्या मॉर्मन प्रचारकांना आता त्याचे समर्थन करीत फिरावे लागले. काही वर्षांतच त्यांनी येथून गाशा गुंडाळला. पुढे १८९० मध्ये पंथाने ती प्रथा सोडण्याचे जाहीर केले. ज्यांनी तिच्यापायी दारोदार शिव्या खाल्ल्या त्यांना त्याचा काय उपयोग?

ब्राझीलचे उदाहरण याहून वेदनादायक आहे. १९७८ च्या जूनपर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना या पंथात पौरोहित्याचा अधिकार नव्हता. ज्या देशात वंश शतकानुशतके मिसळत आले, तेथे हा नियम पाळावयाचा म्हणजे काय? यजमानाच्या घरात टांगलेली आजोबा-पणजोबांची छायाचित्रे पाहून, पूर्वजांविषयी साळसूदपणे चौकशी करून रक्ताचा अंदाज घ्यावयाचा! हे काम एकोणीस वर्षांच्या मुलांकडून करवून घेतले गेले. ज्यांनी ते केले त्यांतील कित्येकांना पुढे आयुष्यभर त्याची लाज वाटली असली पाहिजे. आकड्यांच्या हव्यासाचे प्रकरणही असेच. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६० च्या आरंभी ब्रिटनमध्ये बेसबॉल खेळण्याच्या निमित्ताने शाळकरी मुले गोळा करून त्यांचे बाप्तिस्मे उरकण्यात आले. बाप्तिस्म्यांची उद्दिष्टे वरून येत होती, वरिष्ठ आकडे मागत होते. पोरांनी पोरांना दीक्षा दिली. पुढे त्यांतील पुष्कळ नावे पटावरून काढावी लागली.

येथे मूळ प्रश्नाकडे यावयास हवे. दाराच्या आत असलेल्या माणसाला नकाराचा हक्क आहे. १९७७ मध्ये मध्य प्रदेश व ओरिसातील कायद्यांसंबंधी निर्णय देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे, असे म्हटले. रशियाने २०१६ मध्ये कायदा करून घरोघरी जाऊन प्रचार करण्यासच जवळजवळ बंदी घातली. हे निर्णय योग्य की अयोग्य यावर मतभेद होतील, आणि रशियन कायदा तर आम्हांला सरळसरळ जुलमी वाटतो. परंतु या साऱ्यांत आतल्या माणसाची काळजी वाहणारे कोणी ना कोणी आहे. बाहेरचा मुलगा ‘मी जात नाही’ असे म्हणू शकतो काय?

कागदोपत्री, अवश्य. कोणी बेड्या घालून नेत नाही. पण १९७४ मध्ये पंथाचे तत्कालीन अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक तरुण मुलाने मिशनवर जावे अशी अपेक्षा जाहीरपणे मांडली आणि तेव्हापासून ते मुलांचे कर्तव्यच मानले गेले. मुलींना मात्र ती मुभा आहे, कर्तव्य नाही. आणि म्हणूनच ज्या मुली जातात त्या खऱ्या अर्थाने स्वेच्छेने जातात. ज्या गावात बाप, काका आणि थोरला भाऊ जाऊन आलेले, ज्या गावातील मुलीची आई जावयाची चौकशी करताना ‘मिशन केले काय?’ हे आधी विचारते, तेथे अठरा वर्षांच्या मुलाचा होकार हा कितपत होकार मानावयाचा? मुलाने इंजिनिअरच व्हावे असे ठरविणाऱ्या आपल्याकडील पालकांना या दडपणाची जात ओळखू येईल. त्यातून जो जातो आणि मन खचल्यामुळे आठ महिन्यांत परत येतो, त्याचे काय होते? जाताना ज्या प्रार्थनामंदिरात निरोपाचा समारंभ झाला, तेथेच त्याला पुढच्या रविवारी मागच्या बाकावर बसावे लागते. कोणी काही बोलत नाही. ते न बोलणे फार ऐकू येते.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये पंथाने मुलांचे किमान वय एकोणीसवरून अठरावर आणि मुलींचे एकवीसवरून एकोणीसवर आणले. अर्जांची रीघ लागली. वर्षभरात प्रचारकांची संख्या ८० हजारांच्या वर गेली. मुलींच्या बाबतीत हा बदल स्वागतार्ह ठरला. मुलांच्या बाबतीत मात्र आम्हांला तो तितकासा शहाणपणाचा वाटत नाही. शाळा आणि मिशन यांच्यामध्ये महाविद्यालयाचे एक वर्ष असे. त्या वर्षात मुलगा घराबाहेर राही, चार वेगळी माणसे पाही, चार शंका मनात येत; आणि मग तो गेला तर त्या जाण्याला काही अर्थ असे. ते वर्ष गेले. शाळेच्या पदवीदान समारंभाचा झगा उतरवून नामपट्टी लावावयाची, एवढीच मधली उसंत.

पंथाच्या नेतृत्वाला हे अजिबात उमगलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रकृती किंवा मन साथ देत नसेल त्यांना घरी राहून लोकसेवेचे काम करीत मिशन पुरे करण्याची वाट अलीकडे अधिक रुंद केली आहे. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे परदेशांतील बहुसंख्य प्रचारकांना घाईने मायदेशी आणावे लागले, तेव्हा मुदतीपूर्वी परतणे हा काही काळ हजारोंचा अनुभव झाला आणि त्याला चिकटलेला कलंक थोडा पुसट झाला. पण हे सारे ज्याला जमत नाही त्याच्यासाठी आहे. ज्याला जमते पण जावयाचे नाही, जो पंथात राहू इच्छितो पण प्रचार करू इच्छित नाही, अशा धडधाकट मुलाच्या नकाराला प्रतिष्ठेची जागा अजून मिळालेली नाही. ती मिळाली तर प्रचारकांची संख्या घटेल, हे उघड आहे. घटू द्यावी. दारे ठोठावणारे हात कमी झाल्याने ज्या श्रद्धेचे नुकसान होते तिला आणखी हात देऊन काय मिळणार?

मुदत संपते तो दिवस मात्र पाहण्यासारखा असतो म्हणतात. विमानतळावर आई, भावंडे, हातांत रंगविलेले फलक. मुलाचा सूट झिजून चकाकत असतो; बोलताना इंग्रजी शब्द आठवत नाहीत म्हणून तो अडखळतो आणि सारे हसतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो स्थानिक धर्मप्रमुखाकडे जातो. दोन-चार प्रश्न होतात, हात मिळविला जातो, आणि आता तू मोकळा आहेस असे त्याला सांगण्यात येते. तो छातीवरची काळी पट्टी काढतो. दोन वर्षांत प्रथमच त्याला रस्त्याने एकट्याने चालण्याची परवानगी असते. रात्री तो आपल्या जुन्या खोलीत झोपतो. सकाळी साडेसहाला सवयीने जाग येते आणि तो कूस वळवून पाहतो. शेजारी दुसरी खाट नसते.